पारदर्शक पुटाची कहाणी

चित्र काढलेले वाद्य पाहिले की आपली नजर आधी चित्रावर जाते. रंग कोणते, आकृती कोणती, काढणारा कोण, याची चौकशी आपण करतो. त्या चित्रावर आणखी एक थर असतो, याचे भान सहसा कोणाला नसते. तो डोळ्यांना दिसू नये यासाठीच दिलेला असतो. कारागिरांच्या भाषेत तो शेवटचा ‘पुट’ होय. चित्र किती वर्षे जगणार हे बव्हंशी या न दिसणाऱ्या पुटावर ठरते. सचित्र गिटारींच्या इतिहासात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर गिटार आपल्या चर्चच्या गायनवृंदात येऊन स्थिरावली. आज अनेक कुटुंबांत एखादी तरी गिटार असतेच. तेव्हा हा इतिहास आपल्यालाही अगदी परका नाही.

वाद्य आणि चित्र यांचे नाते जुने आहे. सोळाव्या शतकात अँटवर्प हे शहर हार्पसिकॉर्ड नावाच्या तंतुवाद्यासाठी युरोपभर प्रसिद्ध होते. पियानोप्रमाणे पट्ट्या दाबून ते वाजविले जाई. तेथील चित्रकारांचा संघ संत लूकच्या नावाने चालत असे. संत लूकने पवित्र मरियेचे चित्र रेखाटले अशी जुनी परंपरा आहे. म्हणून तो चित्रकारांचा आश्रयदाता. १५५७ साली अँटवर्पच्या दहा हार्पसिकॉर्डकारांनी याच संघाकडे अर्ज केला. आम्हाला वाद्यकार म्हणूनच संघात घ्यावे, अशी त्यांची विनंती होती. तोवर वाद्यकाराला तेथे प्रवेश मिळे तो वाद्यावर चित्रे काढणारा, म्हणजे चित्रकार म्हणून. त्यांची विनंती मान्य झाली. पुढे १५७९ मध्ये हान्स रुकर्स या संघात दाखल झाला आणि त्याच्या घराण्याची वाद्ये सर्वत्र नावाजली गेली. रुकर्स घराण्याच्या वाद्यांत तारांखालच्या नादफळीवर फुले, पक्षी, कीटक रंगविलेले आढळतात.

ही फुले शतकांनंतरही टिकून आहेत, याचे एक मोठे कारण साधे आहे. हार्पसिकॉर्डला झाकण असते. वादन संपले की झाकण पडते आणि चित्र अंधारात सुरक्षित राहते. शिवाय वादकाचे हात पट्ट्यांपुरते फिरतात. चित्राला ते लागत नाहीत.

गिटारचे नशीब निराळे. तिला झाकण नाही. ती वादकाच्या छातीशी असते, मांडीवर टेकते, उजव्या हाताचा कोपर तिच्या कडेवर घासत राहतो. डाव्या हाताचा अंगठा तिच्या मानेच्या मागच्या बाजूवर सतत वरखाली सरकतो. घाम, पट्ट्याचा बक्कल, नखीचे ओरखडे, एका गावाहून दुसऱ्या गावचा प्रवास, हे सारे ती सोसते. म्हणून गिटारवरच्या चित्राला झाकण हवे असेल तर ते चित्रालाच चिकटून राहणारे हवे, आणि त्यातून चित्र दिसलेही पाहिजे. पारदर्शक पुट म्हणजे असे झाकण.

या झाकणाचा पहिला मोठा अध्याय आपल्याच देशाशी जोडलेला आहे. स्पेनमधील गिटारकार वाद्याला ज्या द्रव्याची झिलई देत आले ते द्रव्य म्हणजे लाख. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पत्रे करतात; त्यालाच आपले सुतार चपडा म्हणतात. छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातील आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लाख गोळा करीत आली. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून या व्यवसायाचे मोल ध्यानात यावे.

चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, लोकरीचा बोळा सुती कापडात गुंडाळून, त्यावर तेलाचा थेंब घेऊन तो लाकडावर गोल गोल फिरवीत राहायचे, अशी ही पद्धत. आपल्याकडे तिला फ्रेंच पॉलिश म्हणतात. दिवसामागून दिवस हे काम चालते. इतक्या श्रमानंतर जो थर उरतो तो केसाच्या जाडीइतकाही नसतो. त्यामुळे नादफळीच्या कंपनांना फारसा अडथळा होत नाही आणि लाकूड मोकळेपणाने बोलते. या थराची दुर्बलताही त्याच्या पातळपणातच आहे. उष्णता, मद्यार्क आणि घाम यांपुढे लाख फार काळ तग धरीत नाही.

चित्रावर लाखेचा पुट देण्याची कला महाराष्ट्रातही नांदली. सावंतवाडीची गंजिफा पाहिलेल्यांना हे सांगावयास नको. गोल पत्त्यांवर बारीक कुंचल्याने दशावतार चितारतात आणि पत्त्याला लाखेची झिलई देतात. गंजिफा हा हातांत धरून खेळण्याचा खेळ. पत्ता बोटांतून फिरतो, आपटला जातो, पिसला जातो. लाखेशिवाय त्यावरचे चित्र किती दिवस राहिले असते? विसाव्या शतकात ही कला विझू लागली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभे केले. हाताळल्या जाणाऱ्या वस्तूवर चित्र काढावयाचे तर त्याच्या रक्षणाची सोय आधी करावयाची, ही समज सावंतवाडीच्या चितारी कारागिरांना पुरेपूर होती.

दुसरा अध्याय दारूगोळ्याच्या कोठारातून येतो. १८४६ साली बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया घडवून एक स्फोटक द्रव्य तयार केले. हाच ‘बंदुकी कापूस’. त्याचे सौम्य रूप योग्य द्रावकात विरघळविले की काचेसारखा स्वच्छ, चिवट पापुद्रा मिळतो. पहिल्या महायुद्धात या द्रव्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले होते. युद्ध संपल्यावर तोफांचे अन्न बनविणाऱ्या या उद्योगाला शांततेतील काम शोधणे भाग पडले. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने या द्रव्यापासून मोटारींसाठी झटपट वाळणारा रंग तयार केला आणि त्याला ड्युको हे नाव दिले. जनरल मोटर्सच्या १९२४ सालच्या ओकलंड मोटारी या रंगाने रंगल्या. मोटार रंगवून वाळवावयास पूर्वी आठवडे लागत. ते काम आता फार थोड्या वेळात होऊ लागले. आपल्या सुतारांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या तोंडी ‘ड्युको’ हा शब्द रुळला, तो याच मार्गाने.

गिटारकारांनी हे नवे लॅकर लगेच उचलले. हाताने बोळा फिरवीत बसण्यापेक्षा स्प्रे गनने फवारणे कितीतरी सोपे. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनी अखंड लाकडी धडाच्या विद्युत गिटारी बनवू लागली आणि ग्राहकांना मोटारींचेच रंग देऊ लागली. खास रंग हवा असेल तर किमतीवर पाच टक्के अधिक, असा तिचा हिशेब होता. अशा गिटारमध्ये ध्वनी तारांखालच्या चुंबकी यंत्रणेतून निघतो. पातळ नादफळीवर तो अवलंबून नसतो. त्यामुळे धड हे चित्रकारासाठी जणू रिकामे फलकच झाले. त्या फलकाला चित्रकार भेटले ते १९६७ साली, लंडनमध्ये.

त्या वर्षी हॉलंडहून आलेले सायमन पोस्टूमा आणि मरायके कोखर हे तरुण चित्रकार लंडनच्या संगीतविश्वात गाजत होते. त्यांच्या गटाचे नाव ‘द फूल’. मराठी वाचकांच्या मनात फूल येईल; परंतु येथे अर्थ विदूषक असा आहे. टॅरो नावाच्या पत्त्यांमध्ये त्या नावाचा एक पत्ता असतो, त्यावरून हे नाव घेतलेले. क्रीम या वाद्यवृंदाचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याने आपली गिब्सन कंपनीची १९६४ सालची गिटार त्यांच्या हाती दिली. त्यांनी तिच्यावर पांढरे अस्तर चढविले आणि तैलरंगी इनॅमलने चित्र काढले. कुरळ्या केसांची, पंख असलेली आकृती त्रिकोण नावाचे वाद्य हाती घेऊन बसली आहे, भोवती ज्वाला आणि तारे आहेत, नखीचे ओरखडे लाकडावर उमटू नयेत म्हणून बसविलेल्या पट्टीवर निसर्गदृश्य आहे. रंगांचा एवढा उत्सव त्यापूर्वी गिटारवर क्वचितच झाला असेल. मार्च १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ही गिटार अवतरली आणि त्याच वर्षी क्रीमच्या ‘डिझरायली गिअर्स’ या ध्वनिमुद्रिकेत ती वाजली.

चित्र अपूर्व होते; त्याचे रक्षण मात्र अपुरे होते. जेथे वादकाचा हात सतत फिरतो त्या मानेवरचा रंग प्रथम सुटू लागला. धडावरही टवके उडाले. चित्रफलकावर तैलरंग शतके टिकतो, कारण फलकाला कोणी कुशीत घेऊन वाजवीत नाही. गिटारवर तोच रंग रोजच्या स्पर्शाने झिजत गेला.

त्याच वर्षी बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने आपली फिक्या निळ्या रंगाची, १९६१ सालची फेंडर गिटार स्वतःच रंगविली. लखलखणारे प्रकाशमान रंग त्याने वापरले. आणि गिटारच्या माथ्यावर पत्नी पॅटी बॉइड हिची हिरवी, चमचमणारी नखपॉलिश लावली! वाचकांस हसू येईल, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा पोरखेळ नव्हता. नखपॉलिशमधला पापुद्रा धरणारा पदार्थ म्हणजे तोच आम्लसंस्कारित कापूस. गिटारकारांचे लॅकर आणि प्रसाधनाच्या मेजावरची ती बाटली ही एकाच कुळातली भावंडे. २५ जून १९६७ रोजी उपग्रहाद्वारे अनेक देशांत एकाच वेळी दाखविलेल्या कार्यक्रमात ही गिटार झळकली. गंमत अशी की ते प्रक्षेपण कृष्णधवल होते, त्यामुळे त्या दिवशी प्रेक्षकांना तिचे रंग दिसलेच नाहीत. हॅरिसनने पुढे तिला ‘रॉकी’ असे नाव दिले. २०२० साली फेंडर कंपनीने तिच्या प्रतिकृती काढल्या.

जॉन लेननच्या ध्वनिक गिटारची कथा याहून वेगळी आहे. १९६७ मध्ये तीही रंगांनी नटली. १९६८ च्या आरंभी बीटल्स मंडळी हृषीकेशच्या आश्रमात आली. तेथे डॉनोव्हन हा गायकही होता. लाकडावरचे सारे लेप काढून टाकले तर गिटार अधिक मोकळी वाजते, हे मत त्याने त्यांच्या गळी उतरविले. इंग्लंडला परतल्यावर लेनन आणि हॅरिसन यांनी काही गिटारी घासून लाकूड उघडे केले. लेननच्या त्या ध्वनिक गिटारवरचे रंगीत चित्रही त्याच वर्षी असे पुसले गेले. १९६९ साली माँट्रियल येथे युद्धविरोधी निदर्शनाच्या वेळी ती त्याच्या हाती होती, तेव्हा तिच्या नैसर्गिक लाकडावर त्याने काढलेली त्याची आणि पत्नी योको ओनो हिची साधी रेखाचित्रे तेवढी होती.

या तीन कथांतून एक खरा पेच उभा राहतो. थर दिला तर चित्र जगते. परंतु थर जाड झाला तर लाकूड घुसमटते. डॉनोव्हनच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. ध्वनिक गिटारची नादफळी अवघी दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर प्लॅस्टिकसारखा जाड लेप बसला की तिचे कंपन मंदावते. अखंड धडाच्या विद्युत गिटारला ही बाब तितकीशी लागू नाही. म्हणून जाणते कारागीर आधी विचारतात, हे चित्र कोणत्या गिटारवर आहे? विद्युत गिटारच्या धडावर चित्र असेल तर भरपूर पुट द्यावेत. ध्वनिक गिटारच्या नादफळीवर असेल तर चित्रही पातळ हवे आणि पुटही.

चित्रावर पुट देणे हे कोऱ्या लाकडावर पुट देण्यापेक्षा अवघड आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा प्रत्येक नवा थर आधीच्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे सारे थर एकजीव होतात आणि पुढे दुरुस्तीचा सांधा दिसत नाही. हाच गुण चित्रासाठी घातक ठरू शकतो. लॅकरमधील तीव्र थिनर खालच्या इनॅमलला सुरकुत्या पाडतो, पेनच्या शाईला पसरवितो. म्हणून चित्र पूर्ण वाळू द्यावे लागते. पहिले पुट दवासारखे हलके, जवळजवळ कोरडेच फवारावे लागतात. ते वाळले की मगच ओला, भरघोस पुट. चित्राच्या रंगांची कडा बोटाला लागते. ती बुडेपर्यंत थर चढवायचे, मग वॉटर पेपरने पाण्याखाली समतल घासायचे आणि शेवटी चमक आणायची. घासताना हात जरा जड पडला की पेपर थेट चित्रात उतरतो आणि कित्येक दिवसांचे काम एका क्षणात वाया जाते. दोन भिन्न प्रकृतींचे थर एकमेकांना धरीत नसतील तर मध्ये मेणविरहित लाखेचा पुट देतात. लाख बहुतेक सर्वांना चिकटते आणि वरच्या थरालाही आधार देते. नव्या रसायनांच्या युगातही छोटा नागपूरच्या त्या किड्याचे देणे असे उपयोगी पडते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन ही द्रव्ये गिटारींच्या कारखान्यांत आली. ती केवळ द्रावक उडून वाळत नाहीत; रासायनिक क्रियेने घट्ट होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. घामाला, ओरखड्याला ती चांगली तोंड देतात. परंतु टवका उडाला तर नवा थर जुन्यात विरघळून मिसळत नाही. लॅकर वयाबरोबर पिवळे पडते आणि थंडी-उष्णतेच्या फरकाने त्याला तडे जातात. पण ते दुरुस्त होते. प्रत्येक थराचे गुण आणि दोष असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

आता क्लॅप्टनच्या गिटारकडे परत वळू. ती हॅरिसनकडे गेली, त्याच्याकडून १९६८ च्या सुमारास जॅकी लोमॅक्स या गायकाकडे आली आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी टॉड रंडग्रेन या अमेरिकन संगीतकाराने ती केवळ ५०० डॉलरना विकत घेतली. तोवर तिची दशा झाली होती. रंडग्रेनने लाकूडकाम दुरुस्त करविले, उडालेले रंग पुन्हा भरून घेतले आणि सबंध चित्रावर संरक्षक पुट दिला. काही जाणकारांना हे रुचणार नाही. मूळ चित्रकाराच्या हातचा रंग आणि दुरुस्ती करणाऱ्याचा रंग यांची सरमिसळ झाली, हा आक्षेप खोटा नाही. जुन्या मूर्तींना आणि वेदीचित्रांना उत्साहाच्या भरात नवे रंग फासले जातात तेव्हा किती हानी होते, हे आपण जाणतो. परंतु येथे दुसरी बाजूही पाहावी लागते. ती गिटार कपाटातील अवशेष नव्हती. वाजणारे वाद्य होते आणि रंडग्रेन ते वर्षानुवर्षे वाजवीत राहिला. त्या पुटाविना चित्राचा किती भाग उरला असता? २००० साली लिलावात तिला सुमारे दीड लाख डॉलर मिळाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्युलियन्स या संस्थेच्या लिलावात तिची किंमत १२ लाख ७० हजार डॉलरवर गेली आणि जिम इरसे या संग्राहकाने ती घेतली. ५०० डॉलर आणि १२ लाख ७० हजार डॉलर यांच्या मधल्या काळात चित्र जगून राहिले, त्यात त्या पातळ कवचाचा वाटा मोठा आहे.

आपल्या घरांतील मुलामुलींनाही गिटारवर चित्र काढण्याची हौस वाटते. ती मोडू नये, थोडे मार्गदर्शन करावे. जुन्या पिढीतील कोणाची ध्वनिक गिटार असेल तर तिच्या नादफळीला हात न लावणे शहाणपणाचे. साध्या विद्युत गिटारचे धड मात्र खुशाल रंगवावे. रंग आणि लॅकर यांचे जमते की नाही, हे आधी लाकडाच्या तुकड्यावर पाहावे. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात लॅकर फवारू नये. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि थर दुधाळ होतो. जेथे चूल, मेणबत्ती, उदबत्ती जळत असेल तेथे हे काम कदापि करू नये. बंदुकी कापसाचा वंशज आहे तो. त्याच्या द्रावकाची वाफही पेट घेते. तोंडावर योग्य मुखवटा आणि खेळती हवा आवश्यकच. शेवटचा पुट दिल्यावर काही आठवडे धीर धरावा. वरून कोरडा वाटणारा थर आत मऊ असतो, आणि अधीर बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटतो.

चित्र काढणे हा आनंदाचा भाग आहे. ते राखणे हा कर्तव्याचा भाग आहे, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. अँटवर्पच्या वाद्याचे झाकण, सावंतवाडीच्या पत्त्यावरची लाख, लंडनमध्ये रंगलेल्या गिटारवर नंतर आलेला पुट, या सर्वांनी एकच काम केले. ओरखडे त्यांनी स्वतःवर घेतले, पिवळेपणा स्वतः पत्करला आणि खालच्या रंगांना पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविले. पुट जुना होतो, तडकतो, एके दिवशी घासून काढावा लागतो आणि त्याच्या जागी नवा येतो. तोवर चित्र सुखरूप असते.